पलंगाखालची डबी

आर्विड,

सोल्वेगला घेऊन मी डेकोराला, माझ्या बहिणीकडे जातेय. जेवण ओव्हनमध्ये आहे.

रेडॉन वायू मोजायची दुसरी डबी मी तुला न सांगता तळघरात, पोरीच्या पलंगाखाली ठेवली होती. आकडा एकोणीस आलाय. चारच्या वर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका! पहिल्या डबीचा आकडा जेमतेम एक आला होता; पण तिला कोंबडीचं पीस चिकटलेलं दिसलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू ती खुराड्यात ठेवली होतीस. आणि चर्चमध्ये कॉफी पिताना ऐटीत सांगत होतास, "मी ओतलेल्या काँक्रीटमधून जमिनीतला वायू काय वर येणार?"

सोमवारी तो वायू बाहेर फेकणारा पंखा बसवायला माणूस येईल. त्याला हाकललंस तर आम्ही परत येणार नाही.

काँक्रीटवर एवढा भरवसा असेल, तर आज तिच्या पलंगावर तू झोप. ती वर्षभर झोपली, तुझ्या भरवशावर.

मार्लिस