राखाडी रफू

रविवार, १४ नोव्हेंबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग, मुलींना गोड पापा. इथे सगळे बरे आहेत. ह्यांची पाठही बरी आहे, बाजारात जायचं म्हटलं की दुखते तेवढीच. बाबा दोन वेळा नीट जेवतात. थंडी पडायला लागली आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्ये बोलतेस आणि माझं निम्मं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

आधी माझी चूक सांगते. गेल्या सोमवारी आईचा गालिचा माझ्या हातून जळला. इस्त्रीचं टेबल लंगडं आहे, बाबांचा सदरा घेतला होता, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. मी वळले आणि इस्त्री पालथी पडली, बरोबर मधल्या फुलावर. आता ताईला काय तोंड दाखवू, हाच विचार पहिल्यांदा आला. आईचा नंतर आला.

तुझा कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. आई गेल्यावर गालिचा पाठवलास तेव्हा सोबत दिलेला. ब्रश लवीच्या दिशेनेच फिरवायचा. काही सांडलं तर चोळायचं नाही, कोरड्या फडक्याने टिपायचं, मग गार पाणी. दर सहा महिन्यांनी फिरवून घालायचा, म्हणजे एकच बाजू झिजत नाही. ऊन दाखवायचं ते पाठीला. चार वर्षं मी सगळं केलं. मुलांना त्यावर लोळू दिलं नाही. हे मला गालिच्याची आया म्हणतात. एकदासुद्धा कसर लागली नाही असं मी तुला फुशारकीने सांगायचे आणि तू म्हणायचीस, "शाबास, आईचा हात आहे तुला."

तर इस्त्री उचलली. तिच्या बुडाला गालिचा चिकटून वर आला, त्याच्या चिवट तारा निघाल्या. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको, शेगडीजवळ बसून मोजे थोडे का जाळलेत आपण. हा वास प्लास्टिकची बादली जळल्याचा होता.

मी तुझीच बाजू घेतली, हे तुला कळायला हवं. धुवायला दिला होतास तिथे कसलं तरी रसायन लावलं असेल, असं स्वतःला सांगत राहिले. दोन महिने ठेवून घेतला होतास ना, स्वच्छ करून पाठवते म्हणून. मंगळवारी गुंडाळून रफूवालीकडे नेला. तिने तो उलटा केला, कडेच्या दशा ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "बाई, ह्या वरून शिवल्यात. मशीनवरचा माल आहे. ह्यात लोकर औषधालाही नाही."

मी तिला कोपऱ्यातलं राखाडी रफू दाखवलं, आईच्या हातचं. तिने नखाने एक धागा उचलला. "हेही त्याच जातीचं. पण केलंय छान."

रफूसुद्धा करून घेतलंस, ताई. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

मागितला असतास तर मी दिला असता. कुरकुरले असते, चार दिवस फुगून बसले असते, पण दिला असता. आईने तो धाकटीला म्हणून ठेवला हे तुला टोचत होतं तर तसं बोलायचं होतंस. तू मला गिऱ्हाइकासारखं गंडवलंस, आणि वर त्याची निगा कशी राखायची तेही शिकवलंस.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. दोन वर्षांपूर्वी बाबा इथे राहायला आले, तेव्हा त्यांची खुर्ची पुढच्या खोलीत गालिच्यावर होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चपला काढल्या, तळपाय घासले आणि म्हणाले, "हा तिचा नाही." मग वाकून कोपऱ्याला हात लावला. "हा माझा स्वेटर नाही." मग रोज तेच. गालिच्याकडे बोट दाखवून माणूस म्हणतो हा माझा स्वेटर नाही, तर मी काय समजायचं? मी रडत तुला फोन केला. तू म्हणालीस, "वय झालंय गं त्यांचं. डॉक्टरांना दाखव."

दाखवलं. काय काय होतं असं त्यांनी विचारल्यावर मी पहिलं हेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि गोळ्या दिल्या. पुढे एकदा बाबांच्या हातून चहाचा कप गालिच्यावर कलंडला. मी त्यांच्यावर ओरडले, जन्मात पहिल्यांदा, आणि त्यांची खुर्ची मागच्या खोलीत नेली. तिथल्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते. तेव्हापासून ते तिथेच बसतात, गोळ्यांनी पेंगत.

बुधवारी मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच नीट विचारलं, बाबा, कुठला स्वेटर? त्यांनी न अडखळता सांगितलं. उंदराने कोपरा कुरतडला होता, घरात त्या रंगाची लोकर नव्हती, म्हणून आईने त्यांचा राखाडी स्वेटर उसवला. "तू तेव्हा रांगत होतीस. ताईने लड धरली होती, असे दोन्ही हात पुढे करून. हात भरून आले म्हणून रडली. तिला विचार, ती सांगेल."

तिला विचार, हे ते दोन वर्षं म्हणत होते. मी तेही बरळण्यात धरलं. तुला मात्र फोनवर ऐकताक्षणी कळलं असणार.

डॉक्टर गोळी कमी करून बघू म्हणाले. पण सगळाच दोष गोळीचा नाही, असंही म्हणाले. काल बाबांनी मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली.

मी त्यांना सांगितलं, तुमचं बरोबर होतं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "ताईला माहीत होतं?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तुझ्यासाठी एवढं खोटं बोलले. पुन्हा बोलणार नाही.

खरा गालिचा कुठे आहे ते मला विचारायचं नाही. तुझ्याकडे असेल तर असू दे. तुझा कागद सोबत परत पाठवते आहे, तुला लागेल. बाबांची खुर्ची पुढच्या खोलीत आणली आहे, खाली नुसती फरशी. तू फक्त ये. त्यांच्यासमोर बस आणि त्यांना ओळख पटते आहे तोवर तुझ्या तोंडाने सांग की तो त्यांचा स्वेटर नव्हता. माझी माफी मागू नकोस, ती घेणं मला अजून जमणार नाही.

आताही बेल वाजली. दूधवाला होता. आतून त्यांनी विचारलं, "ताई आली का?"

हो कधी म्हणू, तेवढं कळव.

धाकटी