साहेबांना न दिसलेला मजकूर

३ मार्च

पोचले एकदाची! दादाने ट्रंक खोलीपर्यंत आणून दिली, नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी दोनदा लावून बघितली आणि मगच निघाला. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना. मागच्या आवारात कामगारांच्या चार खोल्या आहेत, त्यातली टोकाची माझी. मी इथली संगणकवाली, सबकुछ एकटीच. माझ्या आधीचा संगणकवाला न सांगता पळून गेला म्हणे. कुणी म्हणतं दुसरी नोकरी, कुणी म्हणतं दुसरी बायको.

मॅनेजरसाहेबांनी आल्या आल्या चहा मागवला. माणूस गोड बोलतो. पहिलंच काम ऐकून हसू आलं: त्यांनी पुढे पाठवलेली मेल म्हणे प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी उगवते. एकाकडे तक्ता कोसळतो, दुसऱ्याकडे ओळींआधी बाणच बाण, तिसऱ्याकडे साहेबांची सही पाच वेळा. म्हटलं, आठ दिवसांत छडा लावते.

फोन फाटकावर जमा करावा लागतो आणि सुट्टीच्या दिवशी बाहेर पडतानाच परत मिळतो. सवय होईल.

५ मार्च

छडा लागला. साहेबांना सांगितलं ते असं: आपण एक मेल पाठवतो, पण आत मजकुराच्या दोन प्रती असतात. एक नटवलेली, रंग, तक्ते, ठळक अक्षरं घातलेली. दुसरी साधी, नुसत्या ओळी. कोणती दाखवायची हे समोरचा प्रोग्राम ठरवतो. ऑफिसातले नवे प्रोग्राम नटवलेली दाखवतात, गोदामातला जुनाट संगणक फक्त साधी. मेल पुढे पाठवताना एखादा प्रोग्राम नटवलेलीच उचलून साधी टाकून देतो, एखादा बाण लावून नव्याने मांडतो, एखादा सगळी मेल पुडक्यासारखी जशीच्या तशी बांधून देतो. चार हात फिरली की तिचे हाल कुत्रा खात नाही.

साहेब मान डोलावून ऐकत होते. शेवटी विचारलं, दोन्ही प्रतींत मजकूर सारखाच असतो ना? मी म्हटलं, असायला हवा. पण बघायला कोण जातंय?

त्यांना हे फार विनोदी वाटलं नाही.

८ मार्च

गोदाम सांभाळणाऱ्या काकूंशी गट्टी जमली. निवृत्तीला सहा महिने उरलेत, तोंडाने फटकळ, पण जेवताना स्वतःच्या डब्यातलं आधी माझ्या ताटात वाढतात. मुकादमाला तोंडावर रेडा म्हणतात. तो हसतो, डोळे हसत नाहीत.

इथला एक नियम विचित्र आहे. कारखान्याबाहेर जाणारी प्रत्येक मेल आधी साहेबांकडे थांबते. त्यांनी होकार दिला तरच पुढे जाते. त्याचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. आतल्या आत पाठवलेल्या मेलना ही अट नाही.

काकू म्हणाल्या, आधीच्या पोराच्या मेलमध्ये माझ्याकडे कायकाय कचरा यायचा. चष्म्याचा नंबर वाढलाय, वाचलं नाही कधी. तू बघ.

उद्या बघते.

९ मार्च

माझ्या पडद्यावर त्या आधीच्या पोराचा रोजचा मालाचा अहवाल दिसतो. निळा तक्ता, तीन ओळी. गोदामातल्या संगणकावर तीच मेल उघडली. तक्ता नाही. त्याच्या जागी हे होतं. जसंच्या तसं उतरवते.

"इथला एक हमाल कारखाना निरीक्षकांकडे जाणार होता. प्रेसचं सुरक्षादार काढून ठेवलंय, ही तक्रार करायला. मी शेडमध्ये कॅमेऱ्याची वायर जोडत होतो, वर, शिडीवर. त्यांना दिसलो नाही. मुकादमाने पहारीने त्याचे गुडघे फोडले. दोघांनी उचलून प्रेसच्या हौदात टाकला. तो जिवंत होता. बटण साहेबांनी दाबलं. जो कोणी हे वाचेल त्याने पोलिसांना कळवा."

प्रेस म्हणजे रद्दी पुठ्ठा दाबून गठ्ठे बांधायचं यंत्र. माझ्या खिडकीतून दिसतं.

गोदामाखेरीज त्याने ही मेल बाहेरच्या सात जणांना पाठवली होती, ट्रकवाल्यांना, दुकानदारांना. साहेबांनी निळा तक्ता बघून होकार दिला. आणि त्या सातही जणांनी निळा तक्ताच बघितला.

१० मार्च

आणखी चार मेल सापडल्या. शेवटची एकच ओळ. "माझ्या खोलीचं कुलूप बदललंय."

टोकाची खोली. माझीच.

काकूंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, तो हमाल माझ्या बहिणीचा जावई. आम्हाला सांगितलं, काम सोडून गावी गेला.

११ मार्च

गठ्ठ्यांच्या ढिगामागे एक गठ्ठा महिनाभर पडून आहे. भिजलाय म्हणून उचलत नाहीत, असं मुकादम सांगतो. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर काकू वाटेवर उभ्या राहिल्या, मी गठ्ठ्याची तार कापली.

माश्या. पुठ्ठ्याच्या थरात खालचा जबडा होता, दातांसकट, चपटा. त्याखाली शर्टाची बाही आणि बाहीत जे उरलं होतं ते. शर्टाच्या खिशाला संगणक विभागाचं ओळखपत्र.

म्हणजे हा हमाल नव्हे. हा दुसरा.

ओकले. काकूंनी माझं तोंड पुसलं, तार पुन्हा पिळली.

१२ मार्च

सुट्टी रद्द. साहेब म्हणाले, काम फार आहे, ताई, पुढच्या आठवड्यात बघू. फाटकावरचा पहारेकरी फोन देईना. साहेबांची चिठ्ठी आण म्हणाला.

एकच वाट आहे. निरीक्षकांना दरमहा सुरक्षेचा अहवाल जातो. त्यांची उत्तरं बघितली. साधी अक्षरं, प्रत्येक ओळीआधी बाण. त्यांचा प्रोग्राम जुना आहे. त्यांना साधी प्रत दिसेल.

नटवलेल्या प्रतीत अहवाल. साध्या प्रतीत सगळं: त्या पोराची साक्ष, गठ्ठा, आमची दोघींची नावं. साहेबांच्या संगणकावरच्या प्रोग्रामात चारदा तपासलं. फक्त अहवाल दिसतो. एक ओळही गळत नाही.

१३ मार्च, सकाळ

पाठवली. साहेब आज मालकांकडे गेलेत. होकार तिथूनच देतील.

अकरा वाजले. होकार नाही.

साहेब बाहेर आहेत म्हणजे फोनवर बघणार. फोनवर मी तपासलं नव्हतं. फोन इथे असतात कुठे तपासायला! फोनवर मेल उघडायच्या आधी, यादीतच, विषयाखाली पहिल्या दोन ओळी दिसतात. काही फोन त्या ओळी साध्या प्रतीतून घेतात —

देवा.

१३ मार्च, दुपार

मेल परत आली. माझीच, साहेबांनी फोनवरून पुढे पाठवलेली. खाली सगळा साधा मजकूर, उघडाबोडका, आमच्या नावांसकट. वर त्यांची एक ओळ:

"ताई, हे काय आहे?"

मुकादमालाही पाठवलीय.

काकूंना सांगायला पळाले. उशीर झाला होता. मुकादमाने त्यांना केसांना धरून शेडमध्ये ओढत नेलं होतं. प्रेसचा आवाज एवढा मोठा की बाकी काही ऐकू येत नाही. कामगारांना जेवायला लवकर सोडलंय. मी दाराच्या फटीतून पाहिलं. काकूंनी त्याचा अंगठा चावून तोडला. त्याने पहार डोक्यात घातली. एकदा. परत. तिसऱ्यांदा घातली तेव्हा डोकं डोक्यासारखं राहिलं नव्हतं.

मी ओरडले. ओरडायला नको होतं.

नंतर

तो गोदामात शिरला माझ्यामागे. पुठ्ठा कापायची सुरी टेबलावर होती. मानेत घातली. आत अडकली, निघेना. दोन्ही हातांनी हलवली तेव्हा निघाली. बराच वेळ तो पाय झाडत होता. माझी चप्पल त्याच्या रक्तात चिकटते.

दार आतून लावलंय. रॅक आडवं टाकलंय. वही पोटाशी होती म्हणून लिहितेय.

बाहेर गाडी थांबली. साहेब.

गोड आवाजात बोलतायत. "ताई, दार उघड. आपण बोलू. तुला काही करणार नाही मी."

गोदामाचा संगणक चालू आहे. बाहेर मेल जाणार नाही. आत जाईल. एक्केचाळीस पडदे आहेत या कारखान्यात. दोन वाजता जेवून परत येतील सगळे. हा जुनाट प्रोग्राम फक्त साधं लिहितो, नटवलेली प्रतच नाही. कुठेही उघडा, एकच दिसेल. सगळं टाकलंय. जावयाचं, त्या पोराचं, काकूंचं. सुरीचंही. खोटं काही ठेवलं नाही.

पाठवतेय. हा एकेक करून पाठवतो, मंद आहे. बारा —

दाराला पहार लावलीय. लाकूड फुटतंय —

वीस. छपाई विभाग गेला —

"ताई, मुकादम कुठंय?" आवाज बदलला —

एकोणतीस —

वरची बिजागरी निघाली. हात आत आला, साहेबांचा, अंगठी घातलेला —

पस्तीस — दादा, तू —

अडतीस — सुरी माझ्या — रॅक सरकतंय —

चाळीस

एक्के