चंदीची पात

नागरा
दि. ९ जुलै १९५६

ति. रुख्माबाईस,
धाकट्या प्रेमिलाचा सा. न. वि. वि.

इकडे आमी सारे खुशाल, तुमी तिकडे खुशाल असाल. पत्रात पहिले असंच लिवा लागते म्हणून लिवलं. आता खरं लिवते.

चंदीले होळीपासून मिरगी येऊन रायली, तुले माहीत आहे. गोंदियाच्या डाक्टरच्या गोळीनं झटके कमी झाले, पन पोरगीच कमी झाली बाई. शाळेत साऱ्यायपुढं पडली, तवापासून शाळेचं नाव घेत नाई. चौदा सालाची पोर दिवसभर गाईसंग बोलते, आमच्यासंग नाई. परवा म्हणे का झटका येते अन् जाते, पन तुमी सारा दिवस माह्या तोंडाकडं पाहून रायता त्याचं काय करू.

मी लय भेली आहो. ती परसात गेली का मी दहादा दारात येते. म्हणून वासराच्या गळ्यातली घाटी काढून तिच्या पायात बांधली. वाजनं बंद झालं म्हणजे समजावं का पडली. पन पोरगी बसली तरी वाजनं बंद होते ना! काल हातचं पीठ टाकून धावली, त थे पाटावर बसून भात खात होती. तिनं घाटी सोडून वासराले परत बांधली अन् म्हणे का आई, आता तू वासरामागं धाव.

आता नवंच काढलं. गावात बायायची टोळी नेते ना, थ्या कुंदाबाईच्या बायायसंग धानाचे रोपं लावाले, रोवन्याले जातो म्हणते. रोवना म्हणजे वाकून, तोंड खाली, चिखलपान्यात. झटका आला अन् तोंडावर पडली त? मी नाई म्हटलं. कुंदाबाईले मिरगीचं माहीतही नाई. तवापासून पोरगी गाईसंगही बोलत नाई. मी काय करू, लवकर लिव.

बहिनीवर जीव ठेवजो, रागावली तरी चालन.
प्रेमिला

•

दरेकसा
दि. १५ जुलै १९५६

सौ. प्रेमिलास,
रुख्माचे अनेक आशीर्वाद वि. वि.

घाटीचं वाचून तुये भाऊजी इतके हसले का बिडी धोतरावर पडली. धोतर जळलं, त्याचा दोष तुयावर आहे. मले मात्र हसू नाई आलं. लहानपनी तू विहिरीले भेत होती, म्हणून तुया वाट्याचं पानी मी भरलं. पन चंदीच्या वाट्याचं जगनं तू कशी भरशील?

ऐक. कुंदाबाईपासून लपवू नोको, साफ सांग. रोवनारनी खांद्याले खांदा लावून उभ्या रायतात. चंदीले मधात ठेवा, दोन्हीकडं दमदार बाया. पडलीच त बांधीच्या काठच्या कोरड्या धुऱ्यावर आनून कुशीवर निजवा. तोंडात पानी टाकाचं नाई. हे इथल्या कंपौंडरले विचारून लिवते. अन् कोनी हुंगवाले जोडा आनला त पहिले त्याले हुंगव. गोळी चुकवू नोको, उपाशी धाडू नोको.

भीती गेल्यावर धाडीन म्हणशील त पोरगी म्हातारी होईल. भेत भेत धाड. चंदीले माह्याकडून एक चिमटा.

दोघीयवर सारखीच माया करनारी,
रुख्मा

•

नागरा
दि. २२ जुलै १९५६

ति. मावशीस,
चंद्रकांताचा शि. सा. न.

मावशी, तू जिंकली! उद्या मी रोवण्याला जाणार. आई कुंदाबाईच्या घरी गेली, कितीतरी वेळ भाजीच्या गोष्टी केल्या अन् मग रडत रडत सांगितलं. कुंदाबाई म्हणे का एवढंच ना, मले वाटलं पोरीले रोवता येत नाई.

आई पण येणार आहे. रोवायला नाही, धुऱ्यावर बुजगावण्यासारखी उभी राहायला.

भीती मलापण वाटते, आईला सांगू नको. पडण्याची नाही, पडल्यावर साऱ्याजणी कशा पाहतील त्याची. शाळेत मी उठली, तर मुलींनी आपापल्या पाट्या उचलून दूर नेल्या होत्या.

चिमटा पोचला नाही, डाकेत हरवला असेल. आशीर्वाद तेवढा जपून पाठव.
तुझी चंदी

•

नागरा
दि. ३० जुलै १९५६

ति. रुख्माबाईस,
प्रेमिलाचा सा. न. वि. वि.

बाई, पहिले सांगते, चंदी चांगली आहे. आता घाबरल्याबिना वाच.

काल दुपारी बांधीतच झटका आला. एकीकडून कुंदाबाईनं अन् दुसरीकडून कुंदाबाईच्याच मैत्रिनीनं, शामकलानं, चिखल लागाच्या आत उचलली. धुऱ्यावर कुशीवर निजवली. कोनी बोंबललं नाई. झटका उतरला, पोर झोपली, अन् बाया परत रोवाले उतरल्या.

इथं माजी चूक झाली. बाया रोवत रोवत मागं सरकल्या अन् चंदीची पात, तिच्या वाट्याची जागा, तशीच रायली. चारीकडं हिरवं, मधात काळ्या चिखलाचा पट्टा. मले वाटलं, उठली का पायन अन् लाजन. म्हणून लुगडं खोचून, पऱ्ह्याच्या रोपायची पेंडी घेऊन मी उतरली, का उठाच्या आत भरून टाकावं. कुंदाबाई अशी वरडली का बगळे उडाले. म्हणे का पात सोडून जी घरी जाते तिची दुसरी भरते, तुई पोरगी घरी गेली काय? मी पेंडी घेऊन गुमान वर आली.

चंदी उठली. पट्टा पायला. रडते आता, असं मले वाटलं. तवाच शामकला खालून म्हणे का झोप झाली असन त या महारानी, आमी चाय ठेवली नाई. साऱ्या हसल्या. अन् बाई, चंदीही हसली, मोठ्यानं.

आज घरी चाल, हे माह्या तोंडात आलतं. गिळलं. तिनं पानी पेलं, जराशी बसली अन् उतरली. काई रोपं वाकडे लागले. पन पट्टा भरत भरत, मागं सरकत सरकत माजी पोर ओळीत जाऊन मिळाली. मी बसूनच रायली.

आज सकाळी ती निंगाली, तवा मी संग गेली नाई. घरी बसून हे पत्र लिवून रायली. एक ओळ लिवते अन् दाराकडं पायते, पन उठत नाई.

माया आहे तशीच असू दे बाई, मले अजून लय लागन.
तुई प्रेमिला