बुवांची पेटी आणि माझी कानस

२ ऑक्टोबर, दसरा
गुणाजीबुवांनी आज भजनाची पेटी माझ्या घरी आणून ठेवली. बुवा आता कायमचे गावी चाललेत, संगमेश्वरला. रविवारी, बारा तारखेला, आंबिवलीच्या देवळात त्यांचं शेवटचं भजन. तोवर पेटी माझ्याकडे. नीट सांभाळलीस तर पुढेही तुझ्याकडेच, म्हणाले. पखवाजवाल्या सुदेशचा चेहरा उतरला.
पूजेत पेटी मांडली. हळद, कुंकू, झेंडू. कुंकवातल्या अक्षता मूठभर वाहिल्या. देवाच्या कामात हात आखडू नये.

४ ऑक्टोबर, सकाळी ६
पेटी बेसूर आहे. भाता हलवला की बोट लावायच्या आधीच आत काहीतरी गुणगुणतं. बुवांचं वय झालं, कान गेले असणार. ही म्हणाली, कल्याणच्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. चाळीस वर्षांची पेटी परक्या हातात? यूट्यूबवर सगळं आहे. आतली पितळी पत्ती टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. झालं.
संकल्प: फक्त एक सूर.

५ ऑक्टोबर
फळी खालून काढली. वरच्या पट्ट्यांना हातही लावला नाही, उगीच बिघडायच्या. पंचम घासला. जास्त चढला. बुडाशी घासला. जास्त उतरला. आता मध्यम त्याच्याशी जुळेना, म्हणून तोही.

७ ऑक्टोबर
नऊ सूर झाले. गुणगुण आहेच. मोबाइलवरच्या ट्यूनरची सुई नुसती थरथरते. अ‍ॅप फुकटातलं आहे.

९ ऑक्टोबर
बुवांचा फोन. पेटी कशी आहे? म्हटलं, मजेत. सुदेशला सरावाला हवी होती. त्याला सांगितलं, पूजेतली आहे, हलवता येत नाही.
रात्री जपात चित्त लागलं नाही.

१० ऑक्टोबर
रजा टाकली. सगळ्या पत्त्या एकमेकींशी जुळवल्या. ही शेजारणीकडे जाऊन बसली. तिला संगीताचं अंग नाही.

११ ऑक्टोबर
एक पत्ती तुटली. वरच्या सप्तकातली. तिथवर बुवांचा आवाज आता जात नाही, बहुतेक.

१२ ऑक्टोबर, रविवार
देऊळ भरलेलं. बुवांनी भाता हलवला आणि थांबले. पेटीचं झाकण उघडलं. हिच्याकडून केसांतला आकडा मागून घेतला आणि काळी दोनच्या दबून राहिलेल्या पट्टीच्या फटीतून एक तांदूळ काढला. लाल. पट्टी वर आली. गुणगुण थांबली.
मग बुवांनी सारेगम वाजवलं. पूर्ण वाजवलं नाही.
"मधु," हळूच म्हणाले, "अक्षता देवाच्या डोक्यावर रे. पोटात नाही."
पेटी बाजूला सरकवली आणि नुसत्या टाळांवर गायले. वरच्या सप्तकात दोनदा गेले.

१३ ऑक्टोबर
बुवा सकाळी गेले. पेटी सुदेशने नेली. कल्याणच्या दुरुस्तीवाल्याने म्हणे पेटी उघडून आधी विचारलं, हे घासलं कोणी?
तो तांदूळ देवघरात ठेवलाय. अक्षत आहे, टाकवत नाही.