लोलोहेआची कामं, माझी पत्रं

सोमवार, ४ फेब्रुवारी

सगळं बदललं ते आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. पांगाई गावातल्या इंटरनेटच्या दुकानात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. मारेनचं पत्र.

तिला दुसरा कुणी भेटला, असं नाही. दुसरा कुणी असता तर निदान त्याचं थोबाड फोडायची स्वप्नं पाहिली असती. मारेन स्वतःच चर्चच्या मिशनवर चालली आहे, माझ्यासारखीच. लिथुआनिया, अठरा महिने, दहा एप्रिलला निघणार. मुलींसाठी वयाची अट एकोणिसावर आणल्यापासून आयडाहोतली प्रत्येक पोरगी म्हणे अर्ज भरतेय.

आणि कारण काय, तर – 'तुझी पत्रं वाचून कळलं की आयुष्य असंही जगता येतं. हे तुझ्यामुळे.'

माझ्यामुळे! मिशन करून आलेल्या मुलाशीच लग्न करीन असं ही म्हणाली, म्हणून मी दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं. म्हणून पांढरा शर्ट, टाय आणि खाली लुंगी अशा सोंगात या टोंगन बेटावर धर्मप्रचार करत दारोदार हिंडतोय. मी परतेन तेव्हा ती तिथे नसेल. ती परतेल तेव्हा ती ती नसेल.

दहा एप्रिलच्या आत घरी पोचायचं आणि तिला थांबवायचं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

एकवीसला मिशनचे अध्यक्ष मुलाखती घ्यायला या बेटावर येणार. पासपोर्ट त्यांच्याच कपाटात. तोंडावर सांगायचं – मला घरी पाठवा. तोवर सोळा दिवस काढायचे. लोलोहेआबरोबर.

हा माझा जोडीदार. नियमच आहे, दोघांनी एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही, संडास-अंघोळ तेवढी माफ. त्यामुळे सहा महिने हा सव्वाशे किलोचा टोंगन माणूस माझ्या नजरेसमोर आहे. पहाटे उठून शर्टाला इस्त्री करतो, इस्त्री करताना गातो, गाताना आपल्याच गाण्यावर खूश होतो. मी एल्डर स्टँगर, तो एल्डर लोलोहेआ. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. वीस वर्षांचे ज्येष्ठ! या धर्माला विनोदाचं अंग नाही असं कोण म्हणतो.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

कुठेतरी खरं लिहावं, म्हणून इथे.

त्या पत्रांत मी लिहिलं होतं की वादळात उडालेलं म्हाताऱ्या बाईचं छप्पर मी दोन दिवसांत शाकारलं. शाकारलं लोलोहेआने. मी शिडी धरली, तीही मधूनच सोडून सावलीत बसलो. लिहिलं होतं की अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या पायांच्या जखमा मी रोज धुतो. धुतो तो. मी वासाने दारात उभा. दर सोमवारी त्याची आठवडाभराची कामं माझ्या नावावर लावायची आणि शेवटी देवाचं एक वाक्य डकवायचं. मारेन वाचून रडायची. माझी आई चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवायची.

म्हणजे मारेन लिथुआनियाला चालली ती लोलोहेआमुळे. आणि त्या ठोंब्याला पत्ताही नाही.

सोमवार, ११ फेब्रुवारी

मारेनला दोन ओळी – 'घाई करू नकोस.' उत्तर आलं, 'तू नेहमीच माझी काळजी करतोस.' डोंबल.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आजची तारीख कुणी काढू नये.

दुपारी कालोलाइनेच्या घरी. ही विधवा बाई, मुलगा फेआओ मासेमारी करतो, मुलगी मेलेआने एकोणिसची. तिघांचा शनिवारी बाप्तिस्मा ठरलेला. चार महिने इथे येतोय. दर वेळी तोच प्रकार – आम्हाला अळूच्या पानातलं मांस आणि नीरफणस, आमचं पोट भरेपर्यंत घरातलं कुणी जेवणार नाही. फेआओ दाराबाहेर पायरीवर, आमच्याकडे पाठ करून. झोपायलाही अंगणात वेगळी झोपडी, कारण बहीण वयात आली. चांगलं दोन खोल्यांचं घर, आणि घरचा कर्ता पुरुष अंगणात! मी कितीदा हसलोय.

एकच धडा राहिला होता. पावित्र्याचा. लोलोहेआ दोनदा म्हणाला होता, "तो वेगवेगळा घ्यायचा. फेआओला आपण होडीवर सांगू, पोरीला चर्चमधल्या बायका सांगतील." बायकांना सवड मिळेना. शनिवार आला तोंडावर. मी म्हटलं, काय हा पोरखेळ? देवाचा नियम काय बाप्यांना वेगळा आणि बायकांना वेगळा?

फेआओला हाक मारून आत बसवलं, बहिणीसमोर. सुरू केलं. लोलोहेआने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी झटकला. लग्नाआधी काय नाही, लग्नाबाहेर काय नाही, सगळं नीट नाव घेऊन सांगितलं. टोंगन भाषा मला येते तेवढी पुरली. मग पुस्तकात आहे तसा प्रश्न विचारला, "मेलेआने, तुझा कुणा मुलाशी असा संबंध आहे का?"

ती उत्तर देईना. मी परत विचारला.

फेआओ उठला. माझ्याकडे बघितलंही नाही, बहिणीकडे तर नाहीच. चपला तिथेच टाकून अनवाणी गेला. मेलेआनेने पदर नाही, काही नाही, हातांनीच तोंड झाकलं. कालोलाइने म्हणाली, "पोरांनो, जेवून घ्या आणि जा."

नाटकं सगळी. मी जेवलो.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

लोलोहेआ आज गायला नाही.

विचारलं, काय झालं एवढं? इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाला, "मी माझ्या बहिणीबरोबर एका खोलीत सिनेमासुद्धा बघत नाही. कुणी तिच्यासमोर मला असं विचारलं असतं ना, तर मी त्याचे दात पाडून मोजले असते. फेआओने मोजले नाहीत, कारण तू पाहुणा."

"मग तू का नाही अडवलंस?"

"अडवलं. तू हात झटकलास."

रविवार, १७ फेब्रुवारी

काल बाप्तिस्मा नाही झाला. मिशनच्या वहीत तिघांच्या नावांवर एक रेघ.

फेआओ घरी येत नाही. धक्क्यावरच्या शेडमध्ये झोपतो. बहिणीची अब्रू त्याच्या डोळ्यांसमोर काढली गेली, आता तिच्या समोर यायचं तोंड नाही म्हणे – त्याला! केलं मी, लाज त्याला. मेलेआनेला आत्याकडे दुसऱ्या बेटावर पाठवायचं चाललंय. ती गेली की तो घरी येईल, म्हणजे दोघांतलं एकच पोर आईच्या वाट्याला. हे सगळं मला चर्चच्या दारात कालोलाइनेच्या जावेने सांगितलं, आणि वर म्हणाली, "पालांगी लोक शिकलेले असतात असं ऐकलं होतं." पालांगी म्हणजे गोरे, म्हणजे मी.

कॉलेज अर्धवट सोडलंय बाई, तिला म्हणायचं होतं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

मारेनला सगळं खरं लिहिलं. छप्पर, जखमा, सगळं. पश्चात्ताप वगैरे काही नाही, साधा हिशोब – माझी पत्रं हे तिचं कारण, पत्रं खोटी, मग कारण खोटं, मग लिथुआनिया रद्द.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

लोलोहेआने दोन्ही हात पसरूनही मावणार नाही अशी जुनी फाटकी चटई कमरेला गुंडाळली. मयताच्या घरी गुंडाळतात तसली. गळ्यात हिरव्या पानांची माळ. म्हणाला, "फेआओकडे चाललोय. माफी मागायला. तू येऊ नकोस वाटलं तर."

पण नियम! त्याला नजरेआड सोडता येत नाही. त्यामुळे मीही धक्क्यावर. तो शेडसमोर जमिनीवर बसला, मान खाली. मी बाजूला उभा, टाय लावून, जसा काही त्याचा वकील. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. कोळी जाळी विणायचं थांबवून बघत होते. पाऊण तास.

शेवटी फेआओ बाहेर आला. "ऊठ लोलोहेआ. तू कशाला बसलास?"

"चूक माझी. सहा महिने ह्याच्याबरोबर आहे, मी ह्याला काही शिकवलं नाही."

"बैलाला वर्षभर शिकवलंस तरी तो बैलच," फेआओ म्हणाला. मागचे कोळी हसले. मग माझ्याकडे न बघता, "ज्याचं तोंड, त्याने यावं. तोवर मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

परतताना लोलोहेआला म्हटलं, मी असली चटई गुंडाळून कुणासमोर बसणार नाही, मी काही खून केलेला नाही. त्याने चटई झटकून खिळ्याला टांगली.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

अध्यक्ष हॅल्वर्सन. चर्चच्या मागच्या खोलीत, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसलो. त्यांना कढ येतो तेव्हा ते चष्मा पुसतात. आज तीनदा पुसला. मुलीचं नाव विचारलं. म्हणाले, "मुलीसाठी जाणारे बरेच पाहिले. मुलीसाठी आलेला तू पहिलाच कबूल करतोयस."

अडवलं नाही! मी भांडायची तयारी करून गेलो होतो, सगळी वाया. एक मार्चची बोट, दुसऱ्या दिवशी विमान. पासपोर्ट त्यांनी खिशातूनच काढून दिला. माझ्या जागी नवा पोरगा त्याच बोटीने येईल.

उठताना विचारलं, "इथलं काही राहिलंय का?"

म्हटलं, नाही.

लोलोहेआने ऐकून एवढंच विचारलं, "तुझे शर्ट धुवून देऊ का? बोटीवर घाण वास येतो."

सोमवार, २५ फेब्रुवारी

मारेनचं उत्तर. जसंच्या तसं उतरवतो, नाहीतर उद्या मीच यात बदल करीन.

'वाचून दोन दिवस तुझ्यावर एवढी चिडले की आईशीही बोलले नाही. मग लक्षात आलं, छप्पर तर शाकारलं गेलं ना? आजोबांचे पाय कुणीतरी धुतोय ना? मग माझं कारण खोटं कसं? मी दहालाच निघतेय. तू त्याआधी आलास तरी विमानतळावर येऊ नकोस. आणि त्याचा पत्ता पाठव, मला त्याला आभाराचं पत्र लिहायचंय.'

दुकानवाली म्हणाली, तुमची वेळ संपली.

पत्ता पाठवला. पत्ता काय पाठवायचा, तोच. एकाच घरात राहतो आम्ही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

मेलेआनेही परवाच्याच बोटीने जाणार. ही बोट पुढे तिच्या आत्याच्या बेटावर थांबते. म्हणजे दिवसभर एका डेकवर आम्ही दोघं. छान.

लोलोहेआने माझे सगळे शर्ट इस्त्री केले. घडी अशी की दुकानातसुद्धा घालत नाहीत. राग येतो. एवढा राग मला मारेनचा आला नाही.

शुक्रवार, १ मार्च

बोट नऊला. आता साडेसात. बॅग भरून दाराशी. लोलोहेआ अंघोळ करतोय, आज गातोय.

त्याची चटई खिळ्यावरून काढून गुंडाळली. एवढी मोठी की दोनदा पायात आली. उलटी बसली असेल, बसू दे. अंगणातल्या झाडाची पानं सुतळीत ओवलीत. झाड बरोबर आहे की नाही, ते फेआओ सांगेल, आणि कोळी हसतील. मेलेआने बोटीत चढायच्या आत पोचायला हवं. किती वेळ बसवतोय कुणास ठाऊक, माझी बोट बहुतेक चुकेलच.

लोलोहेआला बोलावत नाही. तो आला तर परत पुढे होऊन बसेल.

वही इथेच ठेवतो, बॅगही. दार हळूच ओढून घेतो, त्याचं गाणं संपायच्या आत.