उजव्या भिंगाची कडी

सूनबाई,

शोधाशोध करू नकोस. मी डोंगरावरच्या अभयारण्यात चालले आहे, संध्याकाळच्या बसने परत येईन. दूध तापवून ठेवलंय. डबा घेतलाय.

काल दुर्बीण पुसताना तुझ्या हातून उजव्या भिंगाची कडी फिरली आणि मी तुला नाही नाही ते बोलले. ती तुझ्या सासऱ्यांच्या नजरेला लावलेली होती. हे गेल्यावरही मी ती तशीच जपली होती.

आज सकाळी कपाटात ठेवण्याआधी सहज डोळ्याला लावली, तर समोरच्या झाडाचं पान न् पान दिसलं. तुझ्या चुकीने ती माझ्या नजरेला लागली आहे.

त्या जंगलात हे मला दरवर्षी पक्षी बघायला न्यायचे. "तो बघ धनेश, दिसला?" म्हणत दुर्बीण माझ्या हातात द्यायचे. मला नुसतं धुकं दिसायचं. कडीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही, म्हणून मी आपली "दिसला, दिसला" म्हणायचे. किती खूश व्हायचे!

आज धनेश खरंच दिसला, तर ह्यांना सांगता येणार नाही. तुला सांगेन. तेवढ्यापुरता तरी अबोला सोड.