झाकणाचं भोक

१२ जुलै ८३, मंगळवार
आजचं लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.
मच्छीमार सोसायटीसाठी मासोळीचं बीज आणायला भंडाऱ्यापलीकडच्या केंद्रावर गेलो होतो. सोसायटीचे म्होरके सुखदेवकाका सोबत. ऑक्सिजन भरून फुगवलेल्या वीस पिशव्या, पाण्यात जिऱ्याएवढी पिल्लं. येताना माझी पिकअप पाच वेळा बंद. दर वेळी तेच. आधी धक्के, मग ओढ जाते, मग गप्प. अर्धा तास थांबून, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं की चालू. दोन-तीन कोसांवर पुन्हा गप्प. पाऊस उघडलेला, ऊन असं की पिशव्या हाताला कोमट लागत होत्या. तलावावर पोचलो तेव्हा चार वाजून गेलेले. सगळं बीज पांढरं होऊन तळाला बसलेलं.
काका रिकाम्या पिशव्यांची घडी काखेत धरून पायी घरी गेले.

१३ जुलै
पेट्रोलचा फिल्टर काढला. गाळ होता. धुतला. गावाभोवती चक्कर मारली, चांगली चालली. सापडलं म्हणून कमलला सांगितलं.
"मंग हे काल सकाळी काहून नाई केलं?"
खरंच, काहून.

१७ जुलै, रविवार
धाकट्या बहिणीचे यजमान मनोहर आले. जवाहरनगरला फिटर आहेत, सुट्टी होती. पेट्रोलचा पंप उघडला, त्यातला रबरी पडदा उजेडात धरून पाहिला. भोक नाही. कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. नळी काढून फुंकली. टाकीत काडी घालून पाहिलं, अर्धी भरलेली. सगळं बसवलं, पहिल्या सेल्फला चालू.
"भाऊ, कचरा होता, गेला. आता नाई पडत बंद."
जेवून गेले. रात्री बरी झोप लागली.

१९ जुलै, मंगळ.
तुमसरला खत आणायला निघालो. वाटेत गप्प.
म्हणजे फिल्टर नाही, पंप नाही, जेट नाही. मग काय?
चहाच्या टपरीवर थांबलो तर मागून कोणीतरी, "वसंताच्या गाडीनं तलाव मारला यंदा." वळून पाहिलं नाही. चहा अर्धा टाकून निघालो. धिवरांची बारा घरं त्या तलावावर जगतात. गाडी विकावी का?

२१ जुलै
सापडलं!! कमलला सापडलं.
तिला आंबागडहून, माहेरून आणत होतो. वाटेत गप्प. पेट्रोल पाहायला टाकीचं झाकण फिरवलं, ती काडी घेऊन बाजूला उभी.
"अहो, हे फुस्स काय झालं?"
"काय फुस्स?"
"झाकण काढलं तं. आतून कोणी श्वास ओढल्यावानी."
मी ते झाकण शंभरदा उघडलं असेल. कधी ऐकलं नाही. सेल्फ मारला, लगेच चालू. झाकण घट्ट लावून दोन कोस गेलो, गप्प. उघडलं. फुस्स. चालू. मग झाकण खिशात घातलं, टाकीच्या तोंडाला सैल फडकं बांधलं अन् पार घरापर्यंत एकदाही थांबलो नाही. कमल हसत होती, मीही.
जुनं झाकण मागच्या महिन्यात कुठेतरी पडलं. तुमसरच्या भंगारातून हे चकचकीत आणलं, घट्ट बसतं म्हणून खूश होतो. जुन्याला सुईएवढं भोक होतं. पेट्रोल जाईल तशी हवा आत यायची. याला भोकच नाही. टाकी आतून आवळते, पंपाला ओढवत नाही. दर वेळी मी झाकण उघडून पाहत होतो, म्हणून गाडी चालू व्हायची, अन् मी समजायचो कचरा गेला.
म्हणजे त्या दिवशी झाकण सैल जरी ठेवलं असतं तरी

२२ जुलै
झाकणाला बारीक भोक पाडलं. तुमसर, मोहाडी, परत तुमसर, घर. एकदाही नाही. दहा दिवसांनी जेवण गोड लागलं.

२३ जुलै
कमल म्हणाली, "काकाले कचरा होता म्हणा. गाळ तं निघालाच होता ना."
गेलो. काका अंगणात जाळं सांधत होते. सगळं सांगितलं, झाकण मीच आणलेलं तेही. त्यांनी झाकण हातात घेऊन भोकातून उन्हाकडे पाहिलं.
"एवढंसं?"
"हाव काका."
जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "मंगळवारी पुन्हा बीज देऊन राहिले. तू येतं का दुसरी गाडी पाहू?"
"येतो."
"मंग वल्ले पोते घेजो. पिशव्याईवर टाकाले."

२६ जुलै, मंगळ.
पहाटे निघालो. काका मागे पिशव्यांजवळ बसले, पुढे या म्हटलं तर ऐकलं नाही. वरठीजवळ इंजिनाचा आवाज ऐकायला उगाच थांबलो. टपावर धाडकन थाप.
"कायले थांबला रे? चालव!"
अकराच्या आत तलावावर. पिशव्या बंदच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं पाणी तलावाएवढं थंड होईस्तोवर. मग काकांनी एकेकीचं तोंड सोडलं. आतलं सगळं हलत होतं, वळवळत होतं. क्षणात पाण्यात दिसेनासं झालं.
"गेले," काका म्हणाले.
मी पाळीवर, तलावाच्या बांधावर बसलो. अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं.

१८ ऑगस्ट
टपरीवर अजून दोघे-तिघे बोलत नाहीत. पुढच्या वर्षी बीज कोणाच्या गाडीत आणायचं ते सोसायटीनं ठरवलेलं नाही.
सकाळी काकांनी तलावावर बोलावलं. फडकं पाण्यात बुडवून वर काढलं, त्यात नखाएवढ्या चार मासोळ्या.
"आपल्या बीजाच्या होय?"
"असतीन. वरच्या तलावाचं पाणी बी इकडे उतरलं ना. तिकडच्या बी असतीन. कोण सांगते?"
एक माझ्या तळहातावर ठेवली. गार, चुळबुळती. मी हात पाण्यात धरला. ती क्षणभर तिथेच राहिली, मग गेली.